आधी वाळू, मग मासा

लेकरा,

परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, टाकी भरली, पुढच्या आठवड्यात रॅस आणतो." मी तेव्हा गप्प राहिले, कारण हे फोनवर चार वाक्यांत सांगून होण्यासारखं नाही. म्हणून बसून लिहिते आहे. सावकाश वाच, आणि वाचून होईपर्यंत मासा मागवू नकोस.

औशात समुद्राचा मासा पाळायचा म्हटलं की लोकांना नवल वाटतं. जवळातला जवळ समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटरांहून लांब. उन्हाळ्यात आपल्याकडं घागरी मोजून पाणी वापरतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं, तेव्हा तू शाळेत होतास. पण माझं म्हणणं असं की पाण्याची किंमत ज्याला कळली, त्यानंच मासा पाळावा. तुझ्या पणजीनं समुद्र कधी पाहिला नाही. तिच्या दावणीला दोन म्हशी आणि एक बैलजोडी असायची. जित्राब आणायच्या आधी गोठा बघ, वैरण बघ, पाणी बघ, दावं सगळ्यात शेवटी घे, असं ती सांगायची. खाऱ्या पाण्याच्या टाकीत वीस वर्षं हात घातल्यावर मी सांगते, रॅस पाळायचं सगळं शहाणपण तिच्या या बोलण्यात आहे.

जित्राबाची जात ओळख

रॅस म्हणजे एक मासा नव्हे, ते मोठं कुळ आहे. पाचशेहून अधिक जाती आहेत त्यात. हम्पहेड रॅस वाढून माणसापेक्षा लांब होतो. त्याची इतकी शिकार झाली की २००४ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. आणि सिक्स-लाइन रॅस मोठा झाला तरी तुझ्या बोटाएवढाच राहतो. दुकानदार दोघांनाही रॅसच म्हणेल.

घरच्या टाकीसाठी एवढी ओळख पुरते. हॅलिकोएरिस आणि लेपर्ड रॅस रात्री वाळूत पुरून घेऊन झोपतात. फेअरी आणि फ्लॅशर रॅस खडकाच्या कपारीत अंगाभोवती पातळ चिकट कोष करून झोपतात. दिवे गेल्यावर तासाभरानं बॅटरीचा मंद उजेड टाकून बघ. साबणाच्या फुग्यासारख्या पडद्याच्या आत मासा पडलेला दिसतो. एकदाच बघ, रोज त्याची झोप मोडू नकोस.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. बहुतेक रॅस आधी मादी असतात, आणि नर गेला की कळपातली सर्वांत मोठी मादी नर होते. रॉबर्टसन नावाच्या संशोधकानं १९७२ मध्ये क्लीनर रॅसबद्दल हे दाखवून दिलं. नर काढून घेतल्यावर मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागायला लागली होती. याचा व्यवहारातला अर्थ असा की एका जातीचे दोन भडक रंगाचे नर कधी आणायचे नाहीत, ते एकमेकांना जगू देत नाहीत. लहान, फिक्या रंगाचे मासे आण. त्यांच्यात मोठा कोण, हे ते आपसांत ठरवतील.

बूड पक्कं कर

तुझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे अडीचशे लिटर पाणी. काच, खडक, वाळू आणि स्टँड धरलं तर साडेतीनशे किलोच्या वर ओझं जातं. हे ओझं माळवदावर ठेवायचं नाही, वरच्या मजल्यावर नाही, आणि कुणाच्या उशाशी तर मुळीच नाही.

आपल्या तालुक्यात हे सांगावं लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. किल्लारीत आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. पुढं कित्येक दिवस वर्गात हजेरी घेताना जीभ अडखळायची. तेव्हापासून घरातली कुठलीही जड वस्तू मी त्या पहाटेच्या हिशेबानं ठेवते.

तेव्हा टाकी तळमजल्यावर, फरशीवर ठेव. स्टँडला लेव्हल लावून बघ. काचेखाली थर्मोकोलचा पातळ थर दे. स्टँडचं वरचं टोक भिंतीला लोखंडी पट्टीनं बांध. आणि विजेचे बोर्ड टाकीच्या वरच्या बाजूला घे, खाली नको. प्रत्येक वायर खाली झोळ देऊन मग वर बोर्डात गेली पाहिजे, म्हणजे पाणी ओघळलंच तर झोळापाशी गळेल, बोर्डात शिरणार नाही.

गोडं शून्यावर, खारं पस्तिशीवर

आपल्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर बसतो, हे तू लहानपणापासून बघतो आहेस. तेच पाणी टाकीत गेलं तर क्षार, नायट्रेट, सिलिका सगळं बरोबर जातं. मग काचेवर तपकिरी साय येते आणि खडकावर शेवाळाचे केस वाढतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. घरातला पिण्याचा आरओ पुरत नाही, त्याच्या पाण्यातही पन्नास-साठ टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, उरतात. त्यापुढं हे क्षार ओढून घेणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोड. टीडीएस मीटर शून्य दाखवेल तेच पाणी टाकीचं. आकडा दोन-तीनवर गेला की रेझिन बदल.

आता हिशेब कर. एक लिटर शुद्ध पाणी काढताना आरओ दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. पहिल्या भरणीतच पाच-सातशे लिटर वाया गेलं असतं, तेही औशात. म्हणून मी सांगितलं होतं की टाकी पावसाळ्यात भर. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, पत्र्यावरची धूळ धुऊन जाऊ द्यायची. मग स्वच्छ पिंपात धरलेलं पाणी गाळून त्याच आरओ-डीआयमधून काढायचं. मुळातच क्षार कमी, म्हणून रेझिन दुप्पट-तिप्पट टिकतं. आणि वर्षभर आरओचं जे पाणी बाहेर पडेल, ते बादलीत धरून फरशी पुसायला, भांडी विसळायला वापर. तुळशीला रोज घालू नकोस, क्षार साठतात.

मीठ कालवायचं ते टाकीबाहेर, वेगळ्या पिंपात. समुद्री टाकीसाठी मिळणारं मीठच घ्यायचं, स्वयंपाकाचं नाही. लिटरला साधारण ३६ ग्रॅम लागतं. एक छोटा पंप पिंपात सोडून चोवीस तास फिरू दे. मग रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब घालून बघ. खारेपणा हजारी ३५ हवा, म्हणजे घनतेच्या पट्टीवर १.०२५ ते १.०२६.

इथं मी एकदा मोठी चूक केली होती. टाकीतलं पाणी उन्हानं आटलं, तर मी वरून खारं पाणी घातलं. आठवडाभर रोज. मला वाटलं, खाऱ्यात खारं. पण आटतं ते नुसतं पाणी, मीठ जागेवरच राहतं. आठव्या दिवशी काटा १.०३० वर होता आणि मासे कोपऱ्यात श्वास ओढत होते. तू टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीला पेनानं रेघ ओढ. रोज सकाळी त्या रेघेपर्यंत गोडं पाणी भर. खारं पाणी फक्त बदलायच्या दिवशी, आठवड्याला पंचवीस लिटर काढायचं आणि पंचवीस लिटर घालायचं.

विरजण लागू दे

टाकी भरून आठ दिवस झाले, पाणी काचेसारखं दिसतं, म्हणजे झालं असं तुला वाटतंय. नाही झालं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य, ते पाणी बदललं की जातं. हे जिवाणू खडकाच्या छिद्रांत आणि वाळूत घर करतात, आणि त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. दुधात विरजण घालून तासाभरात कुणी पातेलं हलवून बघत नाही. तसंच हे.

तोवर अमोनिया आणि नायट्राइट तपासत राहा आणि वहीत तारीख घालून लिही. दोन्ही शून्यावर येऊन दोन आठवडे शून्यावरच राहिले, की मग एखादा काटक मासा घाल. रॅसचा नंबर आणखी दोन-तीन महिन्यांनी. तोवर खडकावर कोपेपॉड नावाचे बारीक जीव दिसायला लागतील. रात्री बॅटरी लावली की काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसतात, तेच ते. रॅस दिवसभर खडकावर चोची मारत हेच वेचतो.

वाळू ही त्याची गोधडी

आता मुख्य गोष्ट. मी या चिठ्ठीला जे नाव दिलं आहे, ती.

पहिल्या वर्षी मी पिवळा हॅलिकोएरिस आणला होता, ज्याला दुकानात यलो कोरिस म्हणतात. हळदीसारखा पिवळा, पाठीच्या परावर काळे ठिपके. टाकीत सोडला आणि डोळ्यांची पापणी लवायच्या आत तो वाळूत गेला. संध्याकाळ झाली, बाहेर नाही. दुसरा दिवस गेला, बाहेर नाही. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मेला असेल, सडून पाणी नासेल, म्हणून मी हातानं वाळू चाळली. तो जिवंत होता. माझ्या बोटांतून सुटून खडकावर आपटला, तोंड फाटलं. मग खाईना. नवव्या दिवशी गेला.

त्या माशाला मी मारलं, हे मी अजून विसरले नाही. त्याच्या जातीचे मासे वेळेनं बांधलेले असतात. रोज ठरावीक वेळेला वाळूत जातात, ठरावीक वेळेला वर येतात. लांबच्या प्रवासानं ते घड्याळ बिघडतं. नवा मासा दोन दिवस, चार दिवस, कधी आठवडाभर वर येत नाही. आला तरी भलत्या वेळी येतो, तासभर फिरून परत जातो. हळूहळू तुझ्या दिव्यांच्या वेळेशी जुळवून घेतो. आपलं काम एवढंच की दिवे रोज त्याच वेळी लावायचे, त्याच वेळी मालवायचे आणि हात बाहेर ठेवायचा. पाण्याचा अमोनिया तपासत राहा. तो शून्य असेल तर काळजी करू नकोस.

वाळू कशी हवी ते नीट ऐक. दाणा अर्धा ते एक मिलिमीटर, रव्यासारखा. थर निदान पाच सेंटिमीटर. तुझ्या टाकीला चाळीसेक किलो लागेल. ॲरागोनाइटची, म्हणजे चुनखडीची वाळू घे. नदीची, बांधकामाची वाळू नको, तिच्या दाण्याला धार असते आणि ती काय काय घेऊन आलेली असते ते कळत नाही. जाड चुरा तर नकोच. मासा त्यात डोकं खुपसतो आणि जबडा सोलवटून घेतो.

आणि क्रम चुकवू नकोस. आधी खडक थेट तळावर पक्के बसव, त्यानंतर भोवती वाळू घाल. वाळूवर खडक रचलेस तर मासा खालून उकरेल आणि ढीग त्याच्या अंगावर येईल. किल्लारीनंतर हे तुला वेगळं समजावत नाही.

झाकणाशिवाय रांजण नाही

तुझी पणजी रांजण कधी उघडा ठेवायची नाही. तिला पाण्यात काही पडेल याची काळजी होती. आपल्याला पाण्यातून काही बाहेर पडेल याची.

रॅस उडी मारतो. घाबरला की वर जातो, हा त्याचा स्वभाव. दोन नरांची झटापट, दाराचा धाडकन आवाज, अचानक गेलेला उजेड, एवढं पुरतं. माझा लाल फेअरी रॅस टाकीच्या मागच्या कोपऱ्यातून गेला. तिथं पाइप आत जायला दोन बोटांची फट होती. सगळीकडं जाळी होती, फक्त तिथं नव्हती. तिसऱ्या दिवशी केर काढताना कपाटामागं सापडला, वाळलेल्या चिंचेच्या सालीसारखा. दोन बोटांची फट म्हणजे त्याला उघडं दार.

काचेचं झाकण नको. त्यानं ऊब कोंडते आणि हवा खेळत नाही. सहा मिलिमीटरच्या छिद्राची पारदर्शक जाळी ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ताणून बसव. खिडकीच्या जाळीवाल्याकडून चौकट करून मिळते. पाइप, वायर, पंपाच्या पट्ट्या, जिथं जिथं काही आत जातं तिथं जाळी कापून त्याच मापाची भोकं पाड. मग बोट घालून बघ. करंगळी जात असेल तर मासाही जाईल.

आपल्याकडं वीज न सांगता जाते. टाकी एकदम काळोखात गेली की मासे दचकतात. म्हणून इन्व्हर्टरवर एक मिणमिणता निळा दिवा कायम ठेव.

कुणाला आणायचं, कुणाला नाही

पहिला रॅस म्हणून यलो कोरिस उत्तम. काटक, बारा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. खडकावरचे चपटे किडे आणि शिंपल्यांना त्रास देणाऱ्या बारीक गोगलगाई वेचून खातो. पण सगळं फुकट नसतं. तू हौसेनं आणलेली छोटी शोभेची कोळंबीही तो खाईल.

त्यानंतर एखादा फेअरी रॅस घाल. सिक्स-लाइन फार देखणा, पण तो टाकीचा मालक होऊन बसतो. त्याला आणायचंच असेल तर सगळ्यात शेवटी आण. नियमच कर की गरीब स्वभावाचा आधी, तापट मागून.

हे तीन नकोत. एक, लेपर्ड रॅस. वर्षभर मुरलेल्या टाकीतल्या जिवंत कोपेपॉडशिवाय तो बहुधा उपाशी मरतो. दुसरा, लाल अंगावर पांढरे ठिपके असलेलं खऱ्या कोरिसचं पिल्लू. दुकानात बोटभर असतं आणि फार गोड दिसतं. वाढून फुटापेक्षा लांब होतं, रंग सगळा पालटतो आणि खडक उलथून टाकतं. तिसरा, क्लीनर रॅस. निळा, अंगावर काळी पट्टी, बाजारात सहज मिळणारा आणि स्वस्त. त्याला तर हातच लावू नकोस. समुद्रात तो मोठ्या माशांच्या अंगावरचे, तोंडातले परजीवी वेचून जगतो. मासे त्याच्याकडं रांग लावून येतात. घरच्या टाकीत त्याला गिऱ्हाईकच नाही, मग तो झिजत जातो. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की याच माशाच्या गळ्याखाली डाग लावून त्याला आरसा दाखवला, तर तो डाग पुसायला गळा वाळूवर घासतो. आरशातला मासा मीच आहे, हे त्याला कळत असावं. अशा जिवाला दोन-तीन महिन्यांच्या उपासमारीसाठी घरी आणू नये.

दुकानात गेलास की आधी दहा मिनिटं नुसता बघ. दुकानदाराला तुझ्यासमोर खायला घालायला सांग. जो खातो तोच घ्यायचा. पोट आत गेलेलं नको, ओठ सोललेले नकोत. डोकं खाली आणि शेपूट वर करून पोहत असेल तर खोल पाण्यातून घाईनं वर काढलेला असतो, त्याची हवेची पिशवी बिघडलेली असते. असा मासा दया येऊन घेऊ नकोस.

पाहुण्याला आधी ओसरी

मुंबईहून रात्रीच्या गाडीनं मासा येईल तेव्हा त्याच्या पिशवीत दहा-बारा तासांचा अमोनिया साठलेला असेल. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड वाढून पाणी आम्लधर्मी होतं, आणि तोवर अमोनिया फारसा जाच करत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून उघड्या पिशवीत तासन्‌तास थेंब थेंब पाणी घालत बसू नकोस. बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगव, तापमान जुळू दे. पिशवीतल्या पाण्याचा खारेपणा मोज आणि वेगळ्या ठेवलेल्या टाकीचा खारेपणा आधीच त्याच्या जवळ आणून ठेव. मग लगेच मासा हलव. पिशवीतलं पाणी मोरीत ओत, टाकीत नाही.

जाळीनं पकडू नकोस, पराचे काटे जाळीत अडकतात. पारदर्शक प्लास्टिकच्या मगात हळूच घे.

पहिले चार-सहा आठवडे तो वेगळ्या छोट्या टाकीत. पांढरे ठिपके, मखमली रोग, अंगावरच्या चपट्या जळवा, काय आहे ते तिथंच दिसू दे. त्या टाकीत प्लास्टिकचा एक डबा ठेव आणि त्यात पाच सेंटिमीटर वाळू भर, म्हणजे त्याला झोपायला जागा होईल. उघड्या काचेवर तो रात्रभर डोकं आपटतो. तांब्याचं औषध स्वतःच्या मनानं देऊ नकोस. चुनखडीची वाळू ते शोषून घेते, मात्रा चुकते, आणि कित्येक रॅस तांब्याला नाजूक असतात. जाणत्याला विचार, मोजून दे.

थोडं थोडं, पण वेळेवर

रॅस दिवसभर चरणारं जित्राब आहे, म्हशीसारखं एका वेळी पोट भरून रवंथ करणारं नाही. त्याचं पोट लहान. दिवसातून तीन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोठवलेले मायसिस, आर्टेमिया, आणि समुद्राची कोळंबी सोलून बारीक चिरून. बर्फाचा तुकडा तसाच टाकू नकोस. गाळणीत घेऊन टाकीच्या पाण्यानं धू, मग घाल. आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्याच्या उलट्या बाटलीत हवेचा पंप लावून ठेवलीस तर दीड दिवसात पिल्लं निघतात. नवा मासा मेलेलं खाईना, तर ही हलती पिल्लं बघून तोंड उघडतो.

माठाचा गुण

एप्रिल-मे आला की आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. टाकी २५-२६ अंशांवर हवी, २८ पर्यंत चालतं. चिलर महाग आणि वीज खाणारा. पण आपल्या कोरड्या हवेत एक देणगी आहे, जी मुंबईला नाही. माठातलं पाणी गार का होतं? झिरपून उडून जातं म्हणून. तेच इथं. पाण्याच्या पृष्ठभागावर दोन छोटे पंखे तिरपे लाव. टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. मुंबईच्या दमट हवेत तेवढी उतरत नाही. मात्र त्या दिवसांत माझ्या टाकीतलं चार-पाच लिटर पाणी रोज उडायचं. काचेवरची रेघ विसरायची नाही.

वीज गेली तर पहिली चिंता तापमानाची नाही, श्वासाची. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी राहतो, आणि पंप थांबला की पाणी हलत नाही. सेलवर चालणारा हवेचा पंप स्टँडला टांगूनच ठेव. वीज गेली की आपोआप सुरू होणारा मिळतो, तो घे. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बंद बाटल्या गोठवून ठेव. फार तापलं तर एक तरंगव, तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नकोस.

समुद्राचं समुद्रात

शेवटचं सांगते आणि हे मनावर घे. जिवंत कठीण प्रवाळ विकत घ्यायचं नाही, कुणी कितीही आडून आणून देतो म्हणालं तरी. २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी खडक बांधणारी प्रवाळं आहेत, समुद्रपंखेही आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडाही उचलून आणू नकोस. सिरॅमिकचे खडक घे. सहा महिन्यांत त्यांवर जांभळट कवच चढतं आणि माशाला ते पुरतं.

शक्य तिथं पैदास केलेले मासे घे. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते. रॅस मात्र बहुतेक समुद्रातूनच धरून आणलेले असतात. म्हणून एक आणलास तर तो पाच-सात वर्षं जगला पाहिजे, ही आपली जबाबदारी. आणण्याआधी एकदा मालवणला जा. १९८७ मध्ये तिथं सागरी अभयारण्य झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ डोळ्यांना चष्मा लावून पाण्यात तोंड घाल. चंद्रकोरीसारख्या शेपटीचा मून रॅस तिथं दोन्ही परांनी वल्हवत जातो. त्याला केवढी जागा लागते ते डोळ्यांनी बघ. मग घरी येऊन तुझी चार फुटांची टाकी बघ, आणि तिथं किती मासे ठेवायचे ते स्वतःच ठरव. मी दोनच ठेवले.

माझ्या टाकीतला सध्याचा पिवळा रॅस सहा वर्षांचा आहे. संध्याकाळी साडेसातला दिवे मंद होतात. सात वाजून वीस मिनिटांनी तो चरायचं थांबतो. डाव्या कोपऱ्यातल्या खडकापाशी येतो, अंग आडवं करतो, एक डोळा माझ्याकडं असतो. मग शेपटीचा एक झटका, आणि वाळूवर रुपयाएवढी धूळ उठून बसते. सकाळी पावणेआठला त्याच जागी आधी वाळू हलते, नाक दिसतं, मग तो सगळा वर येतो. सहा वर्षांत मी त्या कोपऱ्यात हात घातलेला नाही.

तू या आठवड्यात एवढंच कर. वाळू धुऊन ठेव, निवळ पाणी येईपर्यंत, दहा बादल्या लागल्या तरी चालेल. ते पाणी अंगणात शिंप, धूळ बसेल. मासा दिवाळीनंतर बघू. रविवारी मी जाळी घेऊन येते, चौकटीचं माप तू घेऊन ठेव.

तुझी
आत्या